१ ऑगस्ट १९७१ : न्यूयॉर्कमधली ती मैफल आणि तिचा विस्मरणात गेलेला पूर्वार्ध

जुनी तबकडी (धागालेखन)

लोकप्रिय संगीताच्या इतिहासात ‘आजच्या दिवशी काय घडले’ याच्या ज्या याद्या दरवर्षी फिरतात, त्यांत १ ऑगस्टच्या खाली १९७१ सालची एक नोंद हमखास असते. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्या रविवारी बांगलादेशाच्या मदतीसाठी दुपारी अडीचला आणि रात्री आठला असे दोन कार्यक्रम झाले आणि ते मिळून सुमारे ४०,००० श्रोत्यांनी ऐकले. नोंदीत बीटल्स या गाजलेल्या इंग्रज गटातले जॉर्ज हॅरिसन व रिंगो स्टार, तसेच बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, लिऑन रसेल, बिली प्रेस्टन ही रॉक संगीतातली नावे असतात. सतारवादक रविशंकरांचा उल्लेख ‘ज्यांच्या विनंतीवरून हे घडले’ एवढ्यापुरता येतो आणि सरोदवादक अली अकबर खाँ, तबलावादक अल्लारखा व तानपुऱ्यावर बसलेल्या कमला चक्रवर्ती यांची नावे बहुधा येतच नाहीत. ही नोंद पुरी करावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी प्रसंगाची पार्श्वभूमी सांगतो. नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आदळले आणि किमान तीन लाख माणसे मेली. त्यातून तो प्रदेश सावरतो न सावरतो तोच निवडणुकीत तिथल्या अवामी लीग या पक्षाला मिळालेला कौल डावलला गेला आणि २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. लाखो निर्वासित भारताच्या सीमेवरच्या छावण्यांमध्ये आले, आणि पावसाळा सुरू होताच त्या छावण्यांत पटकी पसरली. रविशंकरांचा जन्म वाराणसीचा असला तरी त्यांच्या वडिलांचे घराणे जेसोर भागातले होते. त्यांचे गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ ब्राह्मणबाडियाजवळच्या शिबपूरचे होते आणि त्या वेळी मैहरला हयात होते. म्हणजे वर्तमानपत्रांत रोज येणारी गावांची नावे या मंडळींच्या घरातली होती.

रविशंकर तेव्हा अमेरिकेत होते. एखादा कार्यक्रम करून २५,००० डॉलर उभे करावेत असा त्यांचा मूळ बेत होता आणि त्यासाठी त्यांनी हॅरिसन यांच्याकडे सल्ला मागितला. हॅरिसन यांनी बेताचा आकारच बदलला. काही आठवडे ते दूरध्वनीला चिकटून बसले, वादक आणि गायक जमवले, सभागृह मिळवले आणि त्या देशाच्या नावाचे एक गाणे लिहून २८ जुलैला ते तबकडीच्या रूपाने बाजारात आणले. त्या गाण्याच्या आरंभी डोळ्यांत दुःख घेऊन येणारा जो मित्र आहे, तो म्हणजे रविशंकर. अनेक अमेरिकन तरुणांनी त्या देशाचे नाव पहिल्यांदा ऐकले ते या गाण्यातून, आणि तेही जगातल्या बहुतेक सरकारांनी त्याला मान्यता देण्याच्या कितीतरी आधी.

आता मुख्य मुद्दा. कार्यक्रमाचा आरंभ रॉक संगीताने झाला नाही. हॅरिसन यांनी स्वतः मंचावर येऊन पहिला भाग भारतीय संगीताचा असल्याचे सांगितले आणि तो शांतपणे ऐकण्याची विनंती केली. मग रविशंकरांनी साथीदारांची ओळख करून दिली, आपले संगीत एकाग्रतेने ऐकावे लागते असे सांगितले आणि वादन चालू असताना धूम्रपान करू नये, अशीही विनंती केली. वाद्ये जुळवून झाल्यावर श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तेव्हा जुळवणे एवढे आवडले असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, असे रविशंकर हसून म्हणाले. हा किस्सा सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर जे वाजले ते फारच थोड्यांना ठाऊक आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ते वादन म्हणजे ‘बांगला धून’. ध्वनिमुद्रिकेवर ती सोळा मिनिटांहून थोडी अधिक भरते. आपल्या मैफलीत धून बहुधा शेवटी येते, आणि मोठा राग मांडून झाल्यावर लोकसंगीताच्या वळणाची, हलकी, मनात रेंगाळणारी अशी काही मिनिटे कलाकार श्रोत्यांना देतो. इथे ती पहिली आली, कारण वेळ थोडा होता आणि बहुतेक श्रोते दुसऱ्याच कुणाला ऐकायला आलेले होते. तरी रविशंकर आणि अली अकबर खाँ या दोघांनी तिच्यात बंगालच्या नदीकाठचा सूर भरला, आरंभीचा संथपणा जराही घाईत उरकला नाही आणि शेवटाकडे सतार, सरोद व तबला यांच्या सवाल-जवाबाने ते अफाट सभागृह जागे केले. कार्यक्रमाचे चित्रण पाहताना अल्लारखांच्या चेहऱ्याकडे अवश्य पाहावे. दोन्ही वाद्यांकडून येणारा प्रत्येक तुकडा ते बोटांवर येण्याआधी डोळ्यांनी झेलत असतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की या दिवसाची नोंद या सोळा मिनिटांपासून सुरू व्हायला हवी. ज्यांच्या घरचे दुःख होते त्यांनी आधी वाजवले आणि मग मित्रांनी साथ दिली, असा त्या दिवसाचा खरा क्रम आहे. सभासदांनी भर घालावी, आणि १ ऑगस्टच्या इतर सांगीतिक घटना माहीत असल्यास त्याही लिहाव्यात.

सरोदप्रेमी

धाग्याबद्दल आभार. अली अकबर खाँसाहेबांचे नाव गळते याची खंत मलाही आहे, कारण न्यूयॉर्कला भारतीय वाद्यसंगीताची ओळख करून देण्यात त्यांचा वाटा फार आधीचा आहे. व्हायोलिनवादक येहूदी मेन्यूहिन यांच्या निमंत्रणावरून १९५५ साली ते तिथे गेले, म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांनी सरोद वाजवला, अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर ते आले आणि त्याच भेटीत त्यांची दीर्घ तबकडीही ध्वनिमुद्रित झाली. मेन्यूहिन यांनी आधी रविशंकरांना विचारले होते. त्यांना जाणे शक्य नव्हते म्हणून हे निमंत्रण गुरुबंधूकडे आले. पुढे १९६७ पासून खाँसाहेबांनी कॅलिफोर्नियात संगीत महाविद्यालय चालवले. शिवाय त्यांचा जन्मच शिबपूरचा, त्यामुळे त्या दुपारी मंचावर बसलेल्यांपैकी पूर्व बंगालची माती ज्यांची जन्मभूमी होती असे तेच एक होते.

जुळवण्याच्या किश्श्याबद्दल मात्र थोडे वेगळे मत मांडतो. तो श्रोत्यांच्या अज्ञानाचा नमुना म्हणून सांगितला जातो, हे मला अन्यायाचे वाटते. सतारीच्या मुख्य तारा, लयीसाठी छेडायच्या चिकाऱ्या आणि खालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तरफा, त्यात सरोदच्या तारा आणि त्यांच्याशी मिळणारा तबल्याचा सूर हे सगळे एकमेकांत बसवायचे म्हणजे मिनिट-दीड मिनिट मंचावर खरोखरच सुरांची हालचाल होत असते. मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात, म्हणून हे काम आत उरकून येता येत नाही. ज्याने हे कधी पाहिले नाही त्याला तो आलाप वाटला तर नवल काय? महत्त्वाचे हे आहे की त्यानंतरची सोळा मिनिटे ते लोक शांत बसले आणि शेवटी त्यांनी मनापासून दाद दिली. दोन वर्षांपूर्वी वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात भर पावसात आणि नशेच्या धुंदीत असलेल्या गर्दीपुढे वाजवताना रविशंकरांना जे क्लेश झाले, त्यांच्या तुलनेत मॅडिसन स्क्वेअरचा श्रोता फारच सभ्य म्हणायला हवा.

जुनी तबकडी

सरोदप्रेमी, आपला मुद्दा मान्य आहे. माझा रोख श्रोत्यांवर नव्हता, तर नंतरच्या लेखकांवर होता. १९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या पॉप महोत्सवात रविवारची अख्खी दुपार रविशंकर आणि अल्लारखा यांनी गाजवली होती, म्हणजे या श्रोतृवर्गाला सतार अगदीच अपरिचित नव्हती. धूम्रपानाची विनंतीही त्याच काळातल्या अनुभवांतून आलेली आहे. आपले संगीत नशेशी जोडले जाऊ नये यासाठी रविशंकर त्या वर्षांत सतत आणि जाहीरपणे बोलत होते.

न्यूजर्सीकर

विषयाला धरूनच दुसरी नोंद देतो. बरोबर दहा वर्षांनी, १ ऑगस्ट १९८१ रोजी मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारी एमटीव्ही ही अमेरिकन वाहिनी सुरू झाली. पडद्यावर अवकाशयानाच्या उड्डाणाची दृश्ये, त्यावर ती सुरू करणाऱ्यांपैकी एक असलेल्या जॉन लॅक यांच्या आवाजात ‘सभ्य स्त्रीपुरुषहो, रॉक अँड रोल’ अशा अर्थाची घोषणा आणि लगेच बगल्स या इंग्रज जोडीचे, चित्रफितीने रेडिओच्या ताऱ्याला संपवले असे सांगणारे गाणे, असा तिचा आरंभ होता. ते गाणे १९७९ चे, म्हणजे दोन वर्षे जुने होते; पण पहिल्या गाण्याची निवड याहून नेमकी होणे कठीण. मॅनहॅटनच्या केबलवर ही वाहिनी त्या रात्री दिसतच नव्हती, त्यामुळे ती सुरू करणाऱ्या मंडळींना नदी ओलांडून आमच्या फोर्ट ली गावातल्या एका उपाहारगृहात जमावे लागले. जगभरच्या संगीताचा चेहरा बदलणारी घटना तिच्याच जन्मदात्यांनी अशी शेजारच्या राज्यात जाऊन पाहिली.

परिणामांचा विचार केला तर मला १९८१ ची नोंद अधिक वजनदार वाटते. त्या रात्रीनंतर गाणे ऐकण्याइतकेच पाहण्याचे झाले. कृष्णवर्णीय कलाकारांना तिथे सुरुवातीला फार थोडी जागा मिळाली आणि १९८३ मध्ये इंग्रज गायक डेव्हिड बोई यांनी त्याच वाहिनीच्या मुलाखतीत याचा जाब विचारला. त्याच वर्षी मायकेल जॅक्सन यांच्या चित्रफितींनी तो बांध फुटला. भारतात १९९० नंतर उपग्रह वाहिन्या आल्या तेव्हा अलिशा चिनॉय, दलेर मेहंदी यांच्यासारखे चित्रपटांबाहेरचे कलाकार घरोघरी पोहोचले, तेही याच मार्गाने. १९७१ चा कार्यक्रम थोर होता. पण तो एका दिवसाचा होता.

जुनी तबकडी

न्यूजर्सीकर, माहिती उत्तम आहे, पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. एखाद्या संकटासाठी मोठे कलाकार मानधन न घेता एकत्र येतात, त्याचे ध्वनिमुद्रण व चित्रपट होतो आणि त्यांचे उत्पन्न मदतीला जाते, हा नमुना त्या रविवारी घडला. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेला १३ जुलै १९८५ चा लाइव्ह एड हा कार्यक्रम त्याच वाटेने गेला. दूरचित्रवाणीने त्याला जगभर नेले हे खरे. तिथे आपल्या दोन्ही नोंदी एकमेकींना भेटतात असे म्हणता येईल.

कलापथक

१ ऑगस्ट हा लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचा जन्मदिवस आहे, हे इथे कुणीतरी लिहील म्हणून वाट पाहत होतो. त्यांचा जन्म १९२० साली सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा, आणि रविशंकरांचाही जन्म १९२० सालचाच आहे. केवळ तारखेचा योगायोग म्हणून हे सांगत नाही. या दोन माणसांना जोडणारा एक धागा खरोखर आहे आणि तो बंगालमधल्या भुकेचा आहे.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्याच वर्षी मुंबईत ‘इप्टा’ची, म्हणजे भारतीय जननाट्य संघाची स्थापना झाली आणि दुष्काळग्रस्तांसाठी गाणी, नृत्ये, नाटके घेऊन पथके देशभर फिरू लागली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये राहणाऱ्या अण्णाभाऊंनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा लिहिला. अमर शेख, गवाणकर आणि अण्णाभाऊ यांचे लाल बावटा कलापथक गिरणगावात कामगारांपुढे डफ-तुणतुण्यावर गात होते. मुंबईच्या कामगाराला बंगालच्या शेतकऱ्याचे दुःख आपले वाटावे, हे त्या पोवाड्याने साधले. बंगाली न येणाऱ्या श्रोत्यांपुढे, त्यांच्याच शाहिरी बाजात ते सांगितले गेले.

आणि त्याच सुमारास मैहरहून निघालेले तरुण रविशंकर मुंबईत येऊन इप्टाच्या मध्यवर्ती पथकात संगीतरचना करत होते. ख्वाजा अहमद अब्बास यांनी इप्टासाठी १९४६ मध्ये ‘धरती के लाल’ हा चित्रपट केला. त्याचा विषय बंगालचा दुष्काळ हाच होता आणि त्याचे संगीत रविशंकरांचे होते. म्हणून १९७१ मध्ये रविशंकरांना अचानक सामाजिक कळवळा आला आणि रॉकच्या ताऱ्यांनी तो पुरा केला, असे जे चित्र रंगवले जाते ते अपुरे आहे. बंगालच्या उपासमारीसाठी संगीत करण्याचे शिक्षण त्यांना पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईत मिळालेले होते. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले. बांगलादेशाचा जन्म त्यांना पाहता आला नाही.

जुनी तबकडी

कलापथक, आपला प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता इतका तो महत्त्वाचा आहे. ‘धरती के लाल’चे संगीत मला ठाऊक होते, पण अण्णाभाऊंच्या पोवाड्याशी ते असे जोडून पाहिले नव्हते. अल्लारखासुद्धा १९४० पासून मुंबई आकाशवाणीवर होते आणि पुढे ए. आर. कुरेशी या नावाने त्यांनी हिंदी चित्रपटांना संगीत दिले. त्या मंचावरचे दोन वादक चाळिशीच्या दशकातल्या मुंबईत तयार झालेले आहेत, ही बाब न्यूयॉर्कच्या कोणत्याही वृत्तान्तात सापडणार नाही.

हिशेबनीस

भावनेचा भाग आदरणीय आहे, पण पैशाचे काय झाले तेही इथे नोंदवले जावे. दोन्ही कार्यक्रमांच्या तिकिटांतून जमलेले २,४३,४१८.५० डॉलर त्याच ऑगस्टमध्ये युनिसेफला दिले गेले. रविशंकरांच्या मूळ अपेक्षेच्या जवळजवळ दसपट ही रक्कम आहे. खरी मोठी रक्कम पुढच्या तीन तबकड्यांच्या संचातून आणि १९७२ च्या चित्रपटातून येणार होती, आणि तिथेच घोडे अडले. कार्यक्रम घाईने उभा राहिला होता आणि युनिसेफशी करायचा करार आधी झालेला नव्हता, म्हणून अमेरिकेच्या करखात्याने ते उत्पन्न करमुक्त धरले नाही आणि त्यातला मोठा हिस्सा कित्येक वर्षे अडकून पडला. ब्रिटनच्या सरकारनेही तबकड्यांवरचा विक्रीकर सोडायला नकार दिला. त्याआधी वितरणाच्या हक्कांवरून ध्वनिमुद्रिका कंपन्यांत रस्सीखेच होऊन संच डिसेंबरपर्यंत लांबला होता. १९८५ पर्यंत सुमारे १.२ कोटी डॉलर बांगलादेशापर्यंत पोहोचल्याचे सांगितले जाते; पण १९७१ च्या हिवाळ्यात छावण्यांत ज्यांना दूध आणि औषध हवे होते त्यांच्यासाठी हा उशीर फार मोठा होता.

मला हॅरिसन यांच्या हेतूविषयी शंका नाही. त्यांनी स्वतःचा पैसा आणि कित्येक महिने यात घातले. तरीही मदतीचा कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येकाने या प्रकरणाचा कागदोपत्री भाग वाचलाच पाहिजे असे मी म्हणेन.

रातराणी

१ ऑगस्टची एक आपल्याकडची नोंद द्यावीशी वाटते. महंमद रफी ३१ जुलै १९८० च्या रात्री गेले आणि १ ऑगस्टला मुंबईत त्यांची अंत्ययात्रा निघाली. कोसळणाऱ्या पावसात हजारो लोक जुहूच्या दफनभूमीपर्यंत चालत गेले. मराठी भावगीतांच्या श्रोत्यांना रफींचा आवाज संगीतकार श्रीकांत ठाकरे यांनी दिला. ‘शोधिसी मानवा राऊळी मंदिरी’ आजही तितक्याच श्रद्धेने ऐकले जाते. त्यांची पुण्यतिथी ३१ जुलैला पाळतात हे बरोबरच आहे, पण सामान्य माणसाने त्यांना निरोप दिला तो दिवस हा होता.

जाता जाता मूळ विषयावर एक प्रश्न. डिलन यांचे येणे आधी ठरलेले होते का? आणि ज्याने हे काहीच ऐकलेले नाही, त्याने कुठून सुरुवात करावी?

जुनी तबकडी

रातराणी, रफींच्या नोंदीबद्दल आभार.

डिलन यांच्याविषयी शेवटपर्यंत खात्री नव्हती. १९६६ च्या मोटारसायकल अपघातानंतर ते जाहीर कार्यक्रमांपासून जवळजवळ दूरच राहिले होते आणि एवढी मोठी गर्दी पाहून ते आदल्या दिवशीच बिचकले होते. हॅरिसन यांनी गिटारवर चिकटवलेल्या गाण्यांच्या यादीत त्यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होते. वळून पाहतात तो डिलन हार्मोनिका आणि गिटार घेऊन मंचाकडे येत होते. क्लॅप्टन यांची प्रकृती व्यसनामुळे इतकी ढासळली होती की तेही उभे राहू शकतील याची खात्री नव्हती. हॅरिसन स्वतः बीटल्स विलग झाल्यानंतर एवढ्या मोठ्या श्रोतृसमुदायापुढे प्रथमच, आणि तेही म्होरक्या म्हणून उभे होते. मंचावर पुढे राहण्याची त्यांना मुळातच आवड नव्हती. मित्रासाठी त्यांनी ती भीती बाजूला ठेवली, याचे मोल मी कमी लेखत नाही.

ऐकायचे कुठून, याचे उत्तर सोपे आहे. तीन तबकड्यांच्या मूळ संचाची पहिली बाजू संपूर्णपणे भारतीय वादनाला दिलेली आहे. हॅरिसन आणि रविशंकर यांची प्रास्ताविके आणि मग ‘बांगला धून’. हा क्रम कार्यक्रमाचाच क्रम आहे. १९७३ मध्ये वर्षातला सर्वोत्तम संच म्हणून त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तो या पहिल्या बाजूसकट मिळाला. अनेक जण सुई थेट दुसऱ्या बाजूवर ठेवतात, तसे करू नये. एका बैठकीत, मधे न थांबता पहिली बाजू ऐकावी आणि त्यानंतर दुसऱ्या बाजूवरचा हॅरिसन यांचा वादकांचा मोठा ताफा ऐकावा. सतार आणि सरोद ऐकलेल्या कानांना त्या दणक्याचे कारण वेगळे ऐकू येते.

कलापथक, ‘बंगालची हाक’चा पूर्ण पाठ आपल्याकडे असल्यास त्यावर स्वतंत्र धागा काढावा, अशी विनंती आहे. तो पोवाडा कोणत्या चालीवर गायला जात असे, हे सांगू शकणारे कुणी जुने शाहीर सभासदांच्या ओळखीत असतील तर त्यांच्याकडून ते लिहून घेणे फार उपयोगाचे होईल.